हा शब्द रद्द

दिवाळीच्या साफसफाईचा आमच्या घरी एक ठरलेला क्रम आहे. आधी माळा, मग कपाटे, मग स्वयंपाकघरातले डबे आणि सर्वांत शेवटी मी. माळ्यावरची अडगळ आणि मी यांच्यात आमच्या सौभाग्यवतींना फारसा फरक दिसत नसावा. अडगळ उचलून खाली ठेवता येते आणि मला उठवावे लागते, एवढाच काय तो भेद. २०२५ सालच्या दिवाळीत मात्र या क्रमात एक नवा मानकरी शिरला. माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर.

"अहो, याचं काय करायचं ते एकदा ठरवा," त्याच्या डोक्यावरून फडके फिरवीत ती म्हणाली. "सुरू व्हायला कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. आणि आता तर तो आपणहून सांगायला लागलाय, की माझं वय झालं."

यात अतिशयोक्ती नव्हती. गेले काही महिने तो पडदा उजळला, की एक निळसर सूचना येई. या यंत्रावर विंडोज १० नावाची जी प्रणाली चालते, तिची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार. त्या वर्षी वसुबारस आली होती १७ तारखेला. म्हणजे गाय-वासराच्या पूजेला तीन दिवस असताना आमचे हे दुभते जनावर भाकड ठरणार होते.

ज्यांना या प्रकरणातले काही कळत नाही, अशा माझ्यासारख्या वाचकांसाठी थोडे सांगतो. प्रणाली म्हणजे यंत्राच्या घरातला कारभारी. आपण कळ दाबतो, ती कुणाला पोचवायची, कागद कुठल्या कपाटात ठेवायचा, छपाईयंत्राला केव्हा हाक मारायची, हे सारे तो पाहतो. देखभाल संपली म्हणून कारभारी काही त्या दिवशी प्राण सोडत नाही. दुसऱ्या दिवशीही तो तितक्याच मंदगतीने कामावर हजर होतो. पण घराच्या भिंतीला नवे भोक पडले, तर ते बुजवायला आता गवंडी येणार नसतो. वाडा उभा असतो, दरवाजाही असतो. फक्त रात्रीचा पहारेकरी गावी निघून गेलेला असतो. एका वर्षाची मुदतवाढ मिळवण्याची सोय होती, नाही असे नाही. पण मुदतवाढीवर जगणे म्हणजे काय, हे सत्तरीच्या माणसाला कुणी वेगळे समजावून सांगायला नको.

कुणी म्हणेल, मग पुढची प्रणाली घालावी. विंडोज ११ ही २०२१ च्या ऑक्टोबरातच आलेली होती. मीही मोठ्या उमेदीने यंत्राची तपासणी करून घेतली. तपासणी अगदी लग्न जमवताना करतात तशी निघाली. स्मृती चार जीबी हवी, होती. जागा चौसष्ट जीबी हवी; भरपूर होती. उंची जमली, शिक्षण जमले, आणि गोत्र आडवे आले! नव्या प्रणालीला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर मान्य यादीतला लागतो. आमचा प्रोसेसर २०१२ सालचा, आय थ्री घराण्याच्या तिसऱ्या पिढीतला. यादी सुरू होत होती साधारण आठव्या पिढीपासून. मुलगा नाकारला गेला.

बाजारात जाऊन चौकशी केली. एका दुकानदाराने यंत्राकडे न पाहताच सांगितले, "काका, भंगारात द्या. नाहीतर फॉरमॅट मारून ठेवतो, कुणाला तरी खपवू." फॉरमॅट मारणे म्हणजे तबकडीवरचे सारे पुसून ती कोरी करणे. 'मारणे' हे क्रियापद त्याने इतक्या सहज वापरले, की मी यंत्र उचलून रिक्षात घातले आणि घरी आणले.

तसे पाहिले, तर जुने यंत्र भंगारात गेलेले मी आयुष्यात एकदा पाहिलेले आहे, आणि ते माझेच होते. बँकेतली नोकरी सोडून १९८२ साली मी पुण्यात एक छोटा छापखाना काढला. एक ट्रेडल यंत्र, दोन जुळारी आणि खिळ्यांच्या पेट्या. देवनागरीचे खिळे जुळवणे म्हणजे काय असते ते आजच्या मुलांना सांगून कळायचे नाही. अर्धी अक्षरे वेगळी, जोडाक्षरे वेगळी, वेलांट्या वेगळ्या. शेकडो खणांतून बोटे अंदाजाने फिरायची. पुढे नव्वदच्या दशकात अक्षरजुळणी कॉम्प्युटरवर होऊ लागली, लग्नपत्रिका घ्यायला येणारी माणसे "तसली गुळगुळीत हवी" म्हणू लागली, आणि १९९७ साली मी ट्रेडल वजनावर विकले. खिळेही वजनावरच गेले. तेव्हापासून 'जुने झाले, टाकून द्या' हे वाक्य कानावर आले, की मी जरा सावध होतो.

पण या यंत्राशी माझा जीव जडण्याचे कारण ते नव्हे. हे यंत्र माझे नव्हतेच. ते अण्णांचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याच्या कोर्टात ते टंकलेखक होते. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त झाले. सारा जन्म त्यांनी दुसऱ्यांचे शब्द टाइप केले. साक्षी, जबान्या, अर्ज, नकला. खाली चार कार्बन घालून, कळ अशी दाबायची की पाचव्या प्रतीवरही अनुस्वार उमटला पाहिजे. या सवयीमुळे ते घरातही मोजके आणि ठासून बोलत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सारा सातारा अंथरुणातून उठून रस्त्यावर आला, तेव्हा आमची आई देवांना हाका मारीत होती आणि अण्णा एवढेच म्हणाले, "चपला घाला." मी लहान होतो, पण ते दोन शब्द मला भूकंपापेक्षा जास्त आठवतात.

वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी एके दिवशी जाहीर केले, की आपण आठवणी लिहिणार. २०१२ च्या पाडव्याला हा कॉम्प्युटर घरी आला तो त्यासाठी. हाताने लिहिणे त्यांना जमेना, बोटे थरथरत. पण तीच बोटे कळांवर ठेवली की स्थिर होत. माझ्या भाच्याने यंत्रात एक मराठी टंक बसवून दिला आणि कळांची रचना त्यांच्या जुन्या टाइपरायटरसारखी ठेवली. त्यामुळे अण्णांना नवे काही शिकावे लागले नाही. रोज सकाळी चहा झाला की नऊ ते अकरा ते कोर्टात बसल्यासारखे ताठ बसत आणि टाइप करीत. २०१६ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षीच्या जुलैत मी यंत्रावर विंडोज सातच्या जागी दहा घातले. तेव्हा ते २९ जुलैपर्यंत फुकट मिळत होते, आणि फुकटाला मराठी माणूस तारीख चुकवीत नाही. अण्णांची फाईल होती तशीच राहिली. तिचे नाव 'आठवणी'. पाने एकशे अठ्ठेचाळीस.

ती मी वाचली होती का? खरे सांगायचे तर नाही. ते गेल्यानंतर एकदा उघडली, कोर्टातल्या शिरस्तेदारांची तीन पाने वाचली आणि बंद केली. वेळ नव्हता असे मी लोकांना सांगत आलो. खरी गोष्ट अशी, की पुढे कुठेतरी १९८२ साल येणार हे मला ठाऊक होते. मी नोकरी सोडतो असे सांगितले तेव्हा अण्णा वर्तमानपत्राची घडी घालीत होते. त्यांनी घडी पुरी केली आणि म्हणाले, "बरं." त्यानंतर चौतीस वर्षे या विषयावर आमच्यात अवाक्षर झाले नाही. छापखाना चालला तेव्हाही नाही आणि बसला तेव्हाही नाही. त्या 'बरं'चा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. निकालपत्र हाती असताना पुन्हा ते वाचायचे कशाला?

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी भाचा आला. आला तो खिशातून बोटाएवढा पेनड्राइव्ह काढीतच. "मामा, यात नवी प्रणाली आहे. फुकट. आणि आधी न बसवताच चालवून पाहता येते."

त्या प्रणालीचे नाव लिनक्स मिंट. लिनक्सची कथा मला फार आवडली. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस तोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याने आपल्या घरच्या यंत्रासाठी प्रणालीचा गाभा लिहायला घेतला, आणि ऑगस्टात इतरांना कळवले, की मी हे हौसेखातर करतो आहे. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. कुणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा, असा तो ठेवला गेला. आमच्याकडे पूर्वी वाड्यातली विहीर जशी सगळ्या आळीची असे, तसे काहीसे. त्या गाभ्याभोवती ज्या अनेक प्रणाली उभ्या राहिल्या, त्यांतली एक मिंट. मिंट म्हणजे पुदिना. तिची बाविसावी आवृत्ती आम्ही घेतली. तिची देखभाल २०२९ पर्यंत चालायची आहे. आणि तिच्या दर्शनी रूपाला नाव आहे सिनॅमन, म्हणजे दालचिनी.

"पुदिना आणि दालचिनी!" आतून आवाज आला. "यंत्राच्या पोटात मसाला भरताय तोवर जरा इकडे अनारशांकडेही बघा कुणीतरी."

भाच्याने पेनड्राइव्ह लावला आणि चमत्कार झाला. तबकडीला हात न लावता नवी प्रणाली समोर नांदू लागली. स्थळ पाहायला यावे, पोहे खावेत, आणि पसंत पडले तरच पुढे बोलावे, इतकी सभ्य पद्धत मी यंत्रांच्या जगात प्रथमच पाहिली. पसंत पडली. मग त्याने यंत्राचे पोट उघडले. आत तेरा वर्षांची धूळ होती. ती सौभाग्यवतींच्या नजरेस पडण्याआधी मी रंगाच्या कुंचल्याने काढली. जुनी फिरती तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी नावाची चपटी पेटी बसवली. तिच्यात फिरणारे काही नाही, म्हणून ती लवकर जागी होते. स्मृती चारची आठ जीबी केली. खर्च तीन हजारांच्या आतबाहेर. जुनी तबकडी पुसायची नाही, अशी अट मी घातली होती. ती फडक्यात गुंडाळून मी कपाटात, आईच्या चांदीच्या निरांजनाशेजारी ठेवली. त्यातल्या साऱ्या फायली मात्र नव्या घरात आणल्या, आणि भाच्याच्या सांगण्यावरून आणखी एका पेनड्राइव्हवरही ठेवल्या. जपायची वस्तू दोन जागी असावी, हे अण्णांच्या कार्बन-प्रतींनी आम्हांला केव्हाच शिकवले होते.

नवी प्रणाली बसली. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत यंत्र उठून उभे राहिले. दिवाळीला आलेली माझी नात टाळ्या पिटू लागली. मोठ्या डौलाने मी 'आठवणी' उघडली.

पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते.

रोमन अक्षरांची चवड होती. मध्येच टोपी घातलेला ए, दोन टिंबांचा ओ, कुठे पौंडाचे चिन्ह, कुठे उघडलेला आणि कधीच न मिटलेला कंस. एकशे अठ्ठेचाळीस पाने अशीच.

"आजोबा," नात म्हणाली, "पणजोबांना फ्रेंच येत होतं?"

मी हसलो नाही. माझ्या पोटात अगदी खड्डा पडला. नऊ वर्षे जे वाचायचे टाळले, ते आता वाचता येणार नाही असे वाटताच मला ते त्या क्षणी, उभ्याउभ्या, शेवटपर्यंत वाचायचे होते.

भाचा मात्र शांत होता. "मामा, काही हरवलेलं नाही. फक्त सोंग उतरलंय."

त्याने समजावून सांगितले ते असे. पूर्वी मराठीसाठी जे टंक निघाले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली होती. कळ दाबली की यंत्र आपल्या वहीत एखादे रोमन अक्षरच नोंदवायचे. टंक त्या अक्षरावर 'क'चा मुखवटा चढवून ते पडद्यावर आणायचा. दशावतारात रात्री संकासुर झालेला माणूस पहाटे रंग धुऊन पारावर विडी ओढीत बसतो, तसे. अण्णांनी टाइप केले ते मराठी. यंत्राने लिहून घेतले ते भलतेच. नव्या घरात मुखवट्यांची पेटी आली नव्हती, म्हणून सगळे नट उघड्या तोंडाने उभे होते. शिवाय प्रत्येक टंकाची मुखवट्यांची वाटणी वेगळी. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'म'.

कपाटातली तबकडी पुन्हा काढली, तिच्यातून तो टंक शोधला, नव्या प्रणालीत ठेवला, आणि सारी पाने परत मराठी झाली. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच नात म्हणाली, "मला माझ्या मोबाइलवर पाठवा ना." पाठवली. तिच्या मोबाइलवर पुन्हा फ्रेंच.

म्हणजे अण्णांचे सारे बोलणे एका मुखवट्यांच्या पेटीवर अवलंबून होते. ती पेटी एक दिवस गहाळ झाली की संपले. यावर उपाय एकच होता. अक्षरांना त्यांची स्वतःची ओळख द्यायची. ती सोय युनिकोडने केलेली आहे. त्याची पहिली आवृत्तीही १९९१ च्याच ऑक्टोबरातली. जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. देवनागरीला त्यात १२८ घरांची एक आळी दिलेली आहे, आणि 'क'चा घरक्रमांक आहे २३२५. टंक कुठलाही असो, यंत्र कुठलेही असो, प्रणाली पुदिन्याची असो की आल्याची, २३२५ म्हणजे 'क'च. ते ऐकून मला बरे वाटले. आपले अक्षर भाड्याच्या खोलीत राहत नाही. त्याच्या दारावर त्याच्या नावाची पाटी आहे.

भाच्याने अण्णांच्या टंकाचा तक्ता मांडला. या रोमन अक्षराच्या जागी हे मराठी अक्षर. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्याने तो मजकुरावर चालवला, आणि जे बाहेर आले त्यावर आम्ही दोघे पोट धरून हसलो. वेलांट्या भलत्यांच्याच गळ्यात, रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर! मग माझ्यातला छापखानेवाला जागा झाला. चूक कुठे आहे ते मला चटकन दिसले. आम्ही खिळे जुळवायचो ते डोळ्याच्या क्रमाने. 'कि' छापायचा तर आधी वेलांटी, मग 'क', कारण कागदावर ती आधी दिसते. टाइपरायटरचे तसेच आणि त्या जुन्या टंकाचेही तसेच. युनिकोडचा क्रम मात्र जिभेचा. उच्चारात 'क' आधी येतो, इकार मागून. म्हणून तिथेही तसेच. 'धर्म' लिहिताना डोळ्याला रफार शेवटी दिसतो, जिभेला 'र' 'म'च्या आधी लागतो. सारा मजकूर डोळ्याच्या क्रमातून जिभेच्या क्रमात आणायचा होता. भाच्याने तसे नियम घातले आणि पाने शहाणी झाली.

पण पुरती नाही. मराठीत 'र'ला आणखी एक अर्धे रूप आहे, आडव्या चंद्रकोरीसारखे. ते त्या तक्त्यात रफाराशी एकरूप होऊन गेले होते. त्यामुळे अण्णांच्या साताऱ्याच्या पश्चिमेला खोल दऱ्यांऐवजी खोल दर्या आला. आत्याच्या लग्नात आचाऱ्यांनी जिलब्या तळल्या होत्या, त्या आता आचार्यांनी तळल्या. डोळ्यांसमोर भगवी छाटी आणि हातात झारा आला. आणि खुद्द साताऱ्याचे नावही धड राहिले नव्हते. सरसकट बदल करावा तर 'कार्य' आणि 'सूर्य' बिघडतात. म्हणजे एकेक शब्द पाहून, अर्थ लावून दुरुस्त करायला हवा. म्हणजेच मला ती एकशे अठ्ठेचाळीस पाने वाचायला हवीत. ओळ न् ओळ, अक्षर न् अक्षर, मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनी. सुटका नव्हती.

भाऊबीजेपासून मी बसलो. सकाळी नऊ ते अकरा.

दुसऱ्याच पानावर अण्णांची एक तऱ्हा लक्षात आली. कोर्टाच्या कागदात चुकलेला शब्द खोडून नाहीसा करीत नाहीत. रेघ अशी मारतात की खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही. अण्णांना कॉम्प्युटरचे पुसणे मान्यच नव्हते. पुसले की पुसल्याची खूणही राहत नाही, ही त्यांना लबाडी वाटे. म्हणून चूक झाली तर ते कंसात लिहीत, 'हा शब्द रद्द', आणि पुढे आपल्या नावाचे आद्याक्षर. मग योग्य शब्द. 'सौ. च्या हातच्या चकल्या कडक (हा शब्द रद्द) खुसखुशीत होत.' पन्नास वर्षांचा सारा संसार त्या एका कंसात होता. हे वाक्य मी स्वयंपाकघरात जाऊन वाचून दाखवले. चकल्यांचा सोऱ्या हातात असतानाच ते वाचायला नको होते, हे मागाहून सुचले.

शहात्तराव्या पानावर १९८२ साल आले.

मी चष्मा पुसला. उगाचच दोन पाने मागे जाऊन एका 'ऱ्या'ची खात्री करून आलो. मग वाचले.

'या वर्षी चिरंजीवांनी बँकेतली नोकरी सोडून छापखाना काढला. मला फार राग आला. (वरील चार शब्द रद्द.) मला भीती वाटली. (वरील तीन शब्द रद्द.) मला त्याचा हेवा वाटला. त्याला मात्र नुसते बरं म्हणालो.'

पुढचा परिच्छेद त्या वर्षीच्या पावसाचा आणि गळणाऱ्या कौलांचा होता.

त्या वाक्यांत दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. एकही वेलांटी चुकली नव्हती. मी तिथेच बराच वेळ बसून राहिलो. अकरा वाजून गेले तरी उठलो नाही, तेव्हा सौभाग्यवती दारात येऊन उभी राहिली. मी काही बोललो नाही आणि तिनेही विचारले नाही. चहाचा कप ठेवून ती गेली.

छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे शब्द टाइप करणारा तो माणूस. त्यांच्या मुलाने उठून शब्द छापण्याचा स्वतःचा कारखाना काढला, तेव्हा त्यांना हेवा वाटला असेल, ही गोष्ट माझ्या मनात एकदाही येऊन गेली नव्हती. राग मी गृहीत धरला होता. तो होताही. पण त्यांनी तो रद्द केला होता, आणि रद्द केल्याची नोंद ठेवली होती.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी शेवटचे पान संपले. भाचा संध्याकाळी आला, काम पाहून खूश झाला. "मामा, आता एकच. हे 'रद्द'चे कंस आणि त्यांच्या आधीचे शब्द एका आज्ञेत काढून टाकतो. मजकूर कसा स्वच्छ होईल."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. छापखान्यात असतो तर मीही तेच केले असते. खाडाखोड दिसणारी प्रत गिऱ्हाइकाच्या हाती कोणी देत नाही. पण मी त्याचा हात धरला.

"राहू दे," मी म्हणालो. "ती खाडाखोड नाही. तोही मजकूरच आहे."

आता अण्णांच्या आठवणी नातीच्या मोबाइलवर मराठीत दिसतात. 'चकल्या' असा शब्द टाकला, की यंत्र क्षणात तिन्ही ठिकाणे दाखवते. एक प्रत छापून, पुठ्ठ्याची बांधणी करून मी बहिणीला पाठवली. जुनी तबकडी अजून निरांजनाशेजारीच आहे. आणि वय झाले म्हणून ज्याला भंगारात काढायचे ठरत होते, ते यंत्र कुकरच्या पहिल्या शिट्टीआधी उठून रोज कामाला लागते. माझ्याविषयी तसे म्हणता येणार नाही.

हा लेख मी त्याच यंत्रावर लिहिला. लिहून झाल्यावर सौभाग्यवतींना वाचायला दिला. तिने तो शांतपणे वाचला, शहात्तराव्या पानाशी जरा थांबली, पदर डोळ्यांना लावला, आणि मग म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे. फक्त सुरुवातीचा तो अडगळीचा विनोद तेवढा काढून टाका."

मी म्हणालो, "बरं."